गिटारीच्या पोटातला कापूस

गिटार उलटी करून हलवली की पोटातून काय काय पडतं, ते वाजवणाऱ्यालाच माहीत. तारा छेडायचे हरवलेले प्लॅस्टिकचे तुकडे पडतात, लग्नातल्या अक्षता पडतात. एकदा तर पूजेची सुपारी पडली. किस्स्यांचंही तसंच आहे. आपण मुद्दाम काही साठवत नाही. वाजवता वाजवता आत पडत जातात आणि चार मित्र बसले की खुळखुळतात.

आधी मंडळी सांगून ठेवतो. मी आदिलाबादला तहसील कचेरीत मिसला, म्हणजे फायली, हलवणारा कारकून, आणि गिटार वाजवतो. शंकरमामा जवळच्याच मावल्याला भाजीपाला पिकवतात, ढोलक वाजवतात. माझे सख्खे मामा नाहीत, साऱ्या गावाचेच मामा. बंडूचा मंडप आणि साऊंडचा धंदा आहे. तो कीबोर्डही वाजवतो, पण जीव सगळा स्पीकरमध्ये. आणि सुनंदाताई उटनूरच्या मुलींच्या निवासी शाळेत टीचर, त्या गातात. लग्न, बारसं, गणपती, गॅदरिंग, जिथे बोलावतील तिथे आम्ही जातो.

*

माझी पहिली गिटार चांगली भारीतली होती. मेहुण्याने हैदराबादहून आणलेली, वरची फळी अस्सल लाकडाची, एकसंध. घरात काय गोड वाजायची! ती भैंशाला मे महिन्यातल्या एका लग्नात नेली. आम्ही पंगतीला बसलो आणि गिटार उन्हात उभ्या टेम्पोत राहिली. आमच्याकडचं ऊन कसं असतं, हे गिटार बनवणाऱ्याला कोणी कळवलेलं नसतं. आतला गोंद सैल झाला.

मंगलाष्टकं संपत आली होती. मी सूर लावायला खुंटी पिळली आणि तारा धरून ठेवणारी पट्टी मुळासकट उपटून निघाली. ठाप्पकन आवाज झाला. मागच्या बाया दचकल्या, एक कुत्रं पळालं.

वधूपित्याला वाटलं, मुहूर्ताचा फटाका. ते वळून म्हणाले, "एकच काऊन फोडला? अजून लावा न."

*

मग मी रागारागात सगळ्यात स्वस्त गिटार मागवली, मोबाईलवर फोटो पाहून. पावसाळा लागला तशी तिची मान वाकली. तारा आणि मान यांच्या मधून उंदीर आरामात गेला असता. एक गाणं वाजवलं की बोटांना फोड यायचे. शेवटी ती मामांकडे टाकली आणि म्हणलं, "लावा कुठं कामाले."

मामांनी लावली. मळ्यात वालाच्या वेलाला टेकू म्हणून उभी केली. थोड्या दिवसांनी मला बोलावलं आणि शेंगा दाखवल्या.

"पाह्य लेका, तुह्याकडं इच्यातून काही निघून नाही राह्यलं. माह्याकडं टोपलंभर निघालं."

*

आता एक गोष्ट सांगतो. ती हसण्याची नाही, पण ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सुनंदाताईंचं गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडची गाठ होती, निघाली, ताई बऱ्या झाल्या. पण आवाज खाली उतरला आणि बारीक झाला. कीबोर्ड सुरू झाला की तो दबायचा. ढोलक सुरू झाली की पार दिसेनासा व्हायचा. फक्त गिटारवर तो उभा राहायचा. मला तर तो आधीपेक्षा जास्त आवडायचा, पण ताईंपुढे हे बोलायची सोय नव्हती.

एप्रिलमध्ये ताई रिटायर होणार होत्या. निरोप समारंभात त्यांनीच गावं असं शाळेनं ठरवलं. ताईंनी आम्हाला घरी बोलावून चहा दिला आणि सरळ सांगितलं, "उटनूरच्या हॉलमधे मागच्या लाइनीतल्या पोरीले ऐकू गेलं, तर पुढं गाईन. नाही गेलं, तर त्या दिवशी माईक ठेवला. मले दयेच्या टाळ्या नोको."

बंडू छाती पुढे काढून म्हणाला, "ताई, माही मशीन असतानी कायची चिंता? मशीनबिगर गाणं म्हंजे बिगर मिठाची डाळ."

मशीन होती. मशीनला जोडायला धड गिटार नव्हती.

*

गिटार घ्यायला नागपूरला गेलो. मामाही सोबत आले, कारण आमच्या भागात मामांना विचारल्याशिवाय कोणी बैल घेत नाही. मी म्हणलं, मामा, ही गिटार आहे. मामा म्हणाले, "कामाले जुंपाचीच आहे न? मंग झालं."

दुकानदार भला माणूस होता. मी त्याला सगळं सांगितलं. खिशाला परवडली पाहिजे, उन्हात आणि टेम्पोत टिकली पाहिजे, स्पीकरला जोडता आली पाहिजे. त्याने एकसंध लाकडाची बाजूला ठेवली आणि प्लायवाली पुढे केली. "भाईसाहब, ये लो. इसका खाली आवाज, मतलब बिना स्पीकर का, थोडा कम है, लेकिन धूप में फटेगी नहीं. पिकअप अंदर फिट है. स्टेज पे खाली आवाज सुनता कौन है?"

मला पटलं. मामांना पटलं नाही. त्यांनी गिटारीची पाठ थोपटली, मानेवरून हात फिरवला, एका डोळ्याने मान सरळ आहे का पाहिली, खुंट्या एकेक पिळून पाहिल्या. मग गिटार उचलून फुटपाथवर उन्हात नेऊन ठेवली आणि शेजारी उकिडवे बसले. दुकानदार माझ्याकडे पाहायला लागला. मी म्हणलं, बैलाला उन्हात चालवल्याशिवाय ते घेत नाहीत.

चहा येऊन संपला, गिटार तापली, पण काही उकललं नाही. मामा उठून आत आले. खांद्यावरचा दुपट्टा काढला, दुकानदाराच्या हातावर टाकला आणि दुपट्ट्याखालून त्याची बोटं गच्च धरली. बैलबाजारात भाव असाच ठरतो. दोन बोटं दाबली तर काय आणि तीन दाबली तर काय, ते घेणाऱ्या-विकणाऱ्यालाच कळतं. दुकानदाराला काहीच कळत नव्हतं. मामा डोळ्यात डोळे घालून बोटं दाबत राहिले.

शेवटी तो रडवेला होऊन म्हणाला, "चाचा, हात छोडो. डिस्काउंट देता हूं. बॅग भी देता हूं."

मामा बाहेर येऊन म्हणाले, "माणूस कच्चा आहे. पयल्याच दाबात तुटला."

*

नवी गिटार चांगली निघाली. तिची खोड एकच. पोटातल्या पिकअपला, म्हणजे आवाज स्पीकरकडे पाठवणाऱ्या यंत्राला, सेल लागतो आणि वायर खुपसून ठेवली की तो सेल जळत राहतो. मंडपवाल्यांचा मात्र नियम असतो, एकदा जोडलेली वायर कार्यक्रम संपेपर्यंत काढायची नाही. बंडूने सत्काराच्या एका कार्यक्रमाला आदल्या दिवशीच वायर जोडून ठेवली. ऐन वेळी गिटार मुकी.

मी घामाघूम झालो. बंडू शांत होता. म्हणाला, "सेल आहे. आणतो."

त्याने आणला, गिटार वाजली, ताई गायल्या, सगळं पार पडलं. मग प्रमुख पाहुणे भाषणाला उठले. हातात बंडूचा बिनवायरचा माईक. ओठ हलत होते, हात हलत होता, आवाज काही नाही. तेव्हा मला सेल कुठून आला ते कळलं. साहेब बोलत राहिले, लोक आदराने बघत राहिले, शेवटी हात जोडले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला.

आयोजक खाली उतरून बंडूला म्हणाले, "पुढच्या वर्षी साहेबाले हाच माईक द्या."

*

मोठ्या स्पीकरसमोर गिटार शिट्टी मारते. पोकळ पोटात स्पीकरचा आवाज शिरतो, घुमतो आणि पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो. एका बारशात इतकी जोरात शिट्टी वाजली, की नाव ठेवायच्या आधीच बाळाने सभा सोडली. ताईंनी गाणं अर्ध्यात थांबवलं आणि परत सुरू केलं नाही. निरोप समारंभ तोंडावर आला होता. मला वाईट वाटत होतं, आणि भीतीही वाटत होती.

उपाय बंडूच्या सासऱ्यांकडे निघाला. ते भैंशाला कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम आहेत. बंडू तिथून पिशवीभर कापूस घेऊन आला. गिटारीच्या पोटात मूठभर कोंबला आणि शिट्टी बंद! बंडू खूश झाला. मामा म्हणाले, मुठीनं इतका फरक, तर अजून कोंबा. कोंबला. आमच्या जिल्ह्यात कापसाला कोण मोजतंय?

स्पीकरमधून आवाज झक्क यायचा. स्पीकर बंद केला, तर उशी वाजवल्यासारखं वाटायचं. पण दुकानदार म्हणालाच होता, खाली आवाज ऐकतो कोण?

*

उटनूरचा हॉल पत्र्याचा. एप्रिलची दुपार, पोरी खाली सतरंजीवर मागच्या भिंतीपर्यंत बसलेल्या. बंडूने स्पीकर लावले, मी नवा सेल टाकला, कापूस चाचपला. ताई नवी साडी नेसून, माईक हातात घेऊन उभ्या राहिल्या. रात्री पोरी रडल्या की वसतिगृहात त्या एक तेलुगू अंगाई म्हणायच्या. तीच म्हणणार होत्या.

मी पहिली तार छेडली आणि पंखे थांबले.

"करंट पोयिंदी!" पोरींनी एका सुरात सांगितलं. करंट गेला. बंडू जनरेटरकडे धावला, आणि तसाच परत आला तेव्हाच आम्ही समजलो, जनरेटरही बंद. मी तशीच गिटार वाजवून पाहिली. शेजारच्या मामांनासुद्धा ऐकू गेली नाही. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि माईक स्टँडला अडकवायला लागल्या.

मी म्हणलं, "ताई, थांबा जरा." आणि तारा ढिल्या करून गिटारीच्या पोटात बोटं घातली. कापूस निघायला लागला. एक पेळू निघाला, दुसरा निघाला, मग लांबच लांब निघतच गेला. स्टेजवर ढीग झाला. पोरी आधी खुसखुसल्या, मग पोट धरून हसायला लागल्या. हेडमास्तर हसले. ताईही हसल्या, आणि ऑपरेशननंतर त्यांना असं मोकळं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. सगळ्यात शेवटी ती पूजेची सुपारी पडली. मामांनी ती उचलून कपाळाला लावली आणि ढोलक बाजूला सारली.

मी तारा पिळल्या, सूर लावला. गिटारीचा आवाज लहानच होता. ताईंचाही लहान. पंखे बंद होते, पोरी हसून हसून गप्प झाल्या होत्या. ताई गायला लागल्या. पहिलं कडवं झालं आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या एका पोरीने पुढची ओळ हळूच उचलली. ताईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले, माझेही भरले, पण सूर हलला नाही.

दुसऱ्या कडव्यात करंट आला. पंखे घरघरले, स्पीकर खरखरले, मशीनचे लाल दिवे लागले. ताई अडखळल्या. सवयीने त्यांचा हात माईककडे गेला.

बंडू उठला. भिंतीपाशी गेला आणि मेन स्विच खाली ओढला. पंखे हळूहळू थांबले.