तात्यांचा टकल्या

गुंजवण्याच्या शाळेत माझी बदली झाली आणि भाड्याची खोली बघायला मी तात्यांच्या दारात उभी राहिले. आतून बायकी आवाज कडाडला, "टकल्या घेतला का?" रस्त्याने चाललेले एक बिनकेसांचे गृहस्थ थबकले, दाराकडे रागाने बघून तरातरा निघून गेले. मीही निघणारच होते, तेवढ्यात तात्या हातात तांब्या घेऊन बाहेर आले. तोंडातली गोळी गिळून म्हणाले, "बाई, गैरसमज नगं. टकल्या म्हंजी ही गोळी!"

खोली मी घेतली आणि मग कळलं, गोळीचं खरं नाव टॅक्रोलिमस. तात्यांचं लिव्हर काविळीने पार निकामी झालं, तेव्हा बायकोने, म्हणजे शालनकाकूंनी, आपल्या लिव्हरचा तुकडा दिला. तेव्हापासून ही गोळी सकाळ-संध्याकाळ मागे लागली होती. ती कशाला, हे तात्या आल्यागेल्याला पकडून सांगत. "माझ्या पोटात सासुरवाडी हाय. आंगातलं राखणदार तिला चोर समजून धरायला धावत्यात. म्हून टकल्या त्यास्नी गुंगी देतो." काकू चुलीपाशी बसून नुसत्या मान हलवायच्या.

डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, ग्रेपफ्रूट खायचं नाही. तात्यांनी त्याच दिवशी द्राक्षं सोडली. नुसती सोडली असती तर ठीक. कापूरहोळच्या एका लग्नात त्यांनी शिऱ्यातले मनुके वेचून ताटाबाहेर मांडले आणि वाढप्याला मोठ्याने म्हणाले, "हे इख हाय, उचला." अख्ख्या पंगतीचे हात थांबले. वधूपित्याची समजूत घालता घालता काकूंची पुरेवाट झाली.

पुढच्या हिवाळ्यात मात्र गंमत सरली. तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे किडनी मार खात होती. रक्तात टकल्याचं प्रमाण फार चढलं होतं. डॉक्टरांनी डोस कमी केला, तरी ते उतरेना. पुण्याच्या दवाखान्यातून गाडीने परतताना काकू सहज बोलून गेल्या, "किडनी गेली तर गेली. माझ्या दोन हायत की."

त्यानंतर तात्यांनी आल्यागेल्याला पकडणं सोडलं. मला तर ते घरच परकं वाटू लागलं. एकदा धुणं वाळत घालताना माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, एक डाव तिला माझ्यापायी फाडली. शुद्धीवर आली आन् पयलं मलाच इचारलं, जेवला का म्हून. आता परत न्हाई. म्या मरंन, पर परत न्हाई."

पुढच्या खेपेला पुण्यात मलाही काम होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. काकू बाहेर बाकावर बसल्या. मी तात्यांबरोबर आत गेले. त्यांनी लगेच पिशवीतून दोन भलीमोठी पपनसं काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"घरच्या झाडाची हायत, साहेब. लई थंड. दिवाळीपासनं खातुया, आता किडनीसाठी तर रोज एक."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "रोज?"

"व्हय. पर द्राक्षाला हात लावला न्हाई! मनुकासुदिक न्हाई!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे, ते पपनसाचं सख्खं भावंड. दोन्हींचा गुण एकच. ती पोटात गेली की गोळी रक्तात साठत जाते आणि किडनीला छळते. मला हसू आवरेना आणि तात्यांकडे बघवेनाही.

पपनस बंद झालं. डोस नव्याने बसवला. काही आठवड्यांनी मी सुट्टी काढून मुद्दाम त्यांच्याबरोबर गेले. आकडा उतरला होता. थोडं नुकसान राहणार होतं, जपावं लागणार होतं, पण किडनी बदलायची गरज नव्हती.

तात्या बाहेर आले आणि भर गर्दीत त्यांनी काकूंचा हात धरला.

"शालन, तुझ्या दोनी तुझ्यापाशीच ऱ्हायल्या गं."

"अवो, लोक बघत्यात."

"बघू द्यात," म्हणत तात्या ढसाढसा रडायला लागले. काकूंनी पदराने त्यांचं तोंड पुसलं.

"म्या तर मनात कवाच दिऊन टाकली व्हती," त्या म्हणाल्या. "आता परत घ्यावी लागंल."