तिसऱ्या सुगडातली सरकी

तिसरं सुगड बाकीच्या दोन्हींपेक्षा जड होतं. उचलल्याबरोबर कळलं. मोजायची गरजच नव्हती. ऑफिसचं दार मी आतून लावून घेतलं होतं आणि बाहेर आवारात फॅक्टरीचे सगळे कामगार निकालासाठी थांबले होते.

आधीचं थोडं सांगतो. हिंगोलीच्या एका जिनिंग फॅक्टरीत मी हेडक्लार्क होतो. लोक मुनीमजीच म्हणत. जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचं यंत्र. सरकी, म्हणजे कापसाचं बी, निघाली की उरते ती रुई. आमच्याकडे कापसाची गाडी खाली होताना एक मूठ कापूस धर्माचा म्हणून बाजूच्या खोलीत पडायचा. संक्रांतीपर्यंत खोली भरत यायची. त्याची रुई कुणाला द्यायची हे मालक ठरवत नसत, कामगार ठरवत. त्यांच्यातल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हतं, म्हणून रीत अशी होती: एकेका दानाच्या नावाने एकेक सुगड, म्हणजे संक्रांतीचं मातीचं बोळकं, मांडायचं, वर फडकं टाकायचं, आणि प्रत्येकाने फडक्याखाली हात घालून आपल्या पसंतीच्या सुगडात एक सरकी टाकायची. कुणी कुठे टाकली ते कुणाला दिसत नसे. मोजणी हेडक्लार्कची.

त्या साली दोन सुगडं ठरलेली होती. हळद लावलेलं सरकारी दवाखान्याच्या गाद्यांसाठी, कुंकू लावलेलं नरसीच्या धर्मशाळेसाठी. तिसरं सकाळी गयाबाईने आणून मांडलं. ते कोरंच होतं. गयाबाई पुसेगावची. जीनवर कापूस घालणाऱ्या बायांत सगळ्यांत जुनी, तोंडाची फटकळ.

"हे कशाचं, गयाबाई?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

"पलीकडं गेलेल्यांचं, साहेब. गोधड्यांपुरती रुई द्या म्हणावं. थंडीनं मरून राहिले लोक तिथं."

पलीकडं म्हणजे निजामाच्या सरहद्दीपलीकडे. इंग्रज गेले होते, आमचं संस्थान कुणाकडे जाणार याचा घोळ चालू होता आणि धाडींच्या भीतीने सेनगावकडची गावंच्या गावं उठून वाशिमच्या बाजूला छावणीत राहिली होती. गयाबाईची लेक त्यांतच होती. तिचे दिवस भरत आले होते.

सगळ्यांसमोर नाही म्हणायची मॅनेजरसाहेबांची छाती झाली नाही. मला मात्र त्यांनी आत बोलावलं.

"मुनीमजी, पलीकडे माल पाठवणाऱ्याच्या धंद्याला सील लावू, असं अमीनसाहेब म्हणाल्याचं कानावर आहे." अमीन म्हणजे तेव्हाचा पोलीस अधिकारी.

"कुणी सांगितलं?"

"बाजारात बोलतात. सील लागलं तर ही सगळी माणसं घरी बसतील. तुम्ही, मी, सगळेच."

"मग तिसरं सुगड उचलायचं का?"

"मी तसं म्हटलं का? मोजणी तुमची. तुम्ही समजदार आहात."

एवढं बोलून ते घरी जेवायला गेले.

सगळ्यांची सरकी टाकून झाल्यावर सुगडं मी ऑफिसात आणली. बाहेर कुणी खोकलं तरी पोलीसच आले असं वाटायचं. दाराची कडी पुन्हा एकदा तपासली. मग तिसऱ्या सुगडातली ओंजळभर सरकी काढली आणि हळदीच्या सुगडात टाकली. दवाखान्याला देणं हेही पुण्यकर्मच, असं मनाला सांगत होतो.

बाहेर येऊन दवाखान्याचं नाव घेतलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एरवी बाया हसत-चिडवत तिळगूळ वाटायच्या. त्या दिवशी एकमेकींकडे बघत राहिल्या. सरकी लपवून टाकली तरी बाया घरी जाताना बोलतातच. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. ही गोष्ट मी हिशेबात धरलीच नव्हती.

"बराबर मोजलं ना, मुनीमजी?" गयाबाईने विचारलं.

"बराबर."

"मंग ठीक."

पुढच्या आठवडी बाजाराच्या आत गयाबाई फाटकावर सापडली. सुट्टी झाली की बायांची झडती व्हायची. तिच्या ओटीत रुई निघाली. तिला ऑफिसात आणलं.

"चोरी करतेस?" मॅनेजरसाहेब ओरडले.

"चोरी काहून म्हणता? आमच्या सुगडातली हाय."

"सुगडातली म्हणजे?"

"मुनीमजीला पुसा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ते काय विचारणार ते मला कळत होतं, मी काय सांगणार ते त्यांना.

"मोजणी बरोबर झाली होती, साहेब," मी म्हणालो.

गयाबाईने ओटी सोडली, रुई माझ्या टेबलावर ठेवली. लुगड्याला चिकटलेले तंतू झटकले.

"एका लेकरापुरती व्हती," ती म्हणाली आणि निघून गेली. चोरीला माफी नाही, असा फॅक्टरीचा नियम. हजेरीपटावरून तिचं नाव मीच कमी केलं.

दवाखान्याला गाद्या गेल्या. चांगल्या झाल्या होत्या. अमीनसाहेब सीझन संपताना एकदाच आले. त्यांना बैठकीसाठी दोन लोड भरून हवे होते. सुगडांची गोष्ट त्यांच्या कानावरही नव्हती. कानावर गेली असती तर त्यांनी सील लावलं असतं की नाही, मला सांगता येणार नाही. मी फक्त बाजारातल्या बोलण्यावर गेलो.

पाऊस सरता सरता निजामाचं राज्य गेलं. गेलेली माणसं परतू लागली. दसऱ्याच्या सुमारास नव्या सीझनला बाया सांगायला मी पुसेगावला गेलो. हे काम मुकादमाचं, पण मी मागून घेतलं. गयाबाई ओसरीवर तूर पाखडत होती. मांडीवर एक लेकरू होतं.

"नातू?" मी विचारलं.

"व्हय. वाचलं." सूप चालूच होतं. "छावणीतल्या शेजारणीचं गेलं. दोघींत मिळून एकच गोधडी व्हती. एक रात अलीकडं वढायची, एक रात पलीकडं."

मी म्हणालो, "गयाबाई, सरकी मी हलवली होती."

"ठावं हाय."

"कामावर परत या. मी साहेबांशी बोलतो."

तिने सूप खाली ठेवलं. "येते की. पोट हाय मला. पण मोजणी तुमी करायची न्हाई. बाहेर अंगणात व्हईल, समद्यांच्या म्होरं. अन् मी करंन."

मी कबूल केलं. ती आली, आणि त्यानंतर दर संक्रांतीला सरकी तिनेच मोजली, मोठ्याने. अधिकाराच्या जागेवर असणाऱ्यांना या अनुभवातून एवढंच सांगेन: ज्याला निकालाची भीती आहे, त्याच्या हातात मोजणी देऊ नये.

मोजणी का सोडली, असं मॅनेजरसाहेबांनी विचारलं होतं. डोळ्यांना कमी दिसतं, असं मी सांगितलं. तेव्हा मी तिशीतही नव्हतो.