माझ्या वाडीत फळी नको

रोज एक चित्र काढा, असं सांगणाऱ्याला मी आता घरात घेत नाही. निवृत्त झाल्यावर मला असे सांगणारे बरेच भेटले. वसईतल्या चित्रकलेच्या क्लासच्या बाई म्हणाल्या, दात घासता तसं स्केच करायचं, कंटाळा आला तरी करायचं. मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये रोज सकाळी विषय यायचा, आज किटली, उद्या चप्पल. मी बोळिंजच्या फ्लॅटच्या गॅलरीत टेबल मांडलं, महागातले कागद आणले, ब्रश आणले आणि रोज सकाळी तिथे बसून पेपर वाचला. एकदा हट्टाने केळ्यांचा घड काढायला घेतला. रेखाटन होईपर्यंत केळी पिकली, रंग कालवेपर्यंत काळी पडली आणि शेवटी बायकोने त्यांचं शिकरण केलं. वाढताना म्हणाली, "पुढच्या वेळी दगड काढा. तो तरी थांबेल तुमच्यासाठी."

तिला वाटलं मी आळशी आहे. मलाही तसंच वाटत होतं. पण दगड मी जन्मात काढला नसता. थांबणाऱ्या वस्तूवर माझा हात चालतच नाही, हे मला पुढे नायगावला कळलं.

नायगावला खाडीकडच्या एका टॉवरमध्ये ओळखीच्यांची वास्तुशांत होती. यजमान प्रत्येकाला हाताला धरून बाराव्या मजल्याच्या खिडकीशी नेऊन खाडी दाखवत होते, जणू खाडीही त्यांनीच बुक केली होती. खाली मिठागराचे चौकोन दिसत होते. जेवण उरकून मी पाय मोकळे करायला तिकडे गेलो. एक म्हातारा बांधावर बसला होता. मीठ कुठे दिसेना म्हणून मी विचारलं, तर तो म्हणाला, "औंदा पानी घेतलाच नाय आगरात. आता भरनी पडनार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटरवर फळी बांधून तिथे हजर. फळी म्हणजे ज्यावर कागद लावून चित्र काढतो ती. रोज गेलो. उन्हाने मान भाजली, पण पेपर आठवला नाही की चहा आठवला नाही. मिठागर बुजवायला मातीच्या भरणीचे डंपर यायला लागले तेव्हा माझी सहा-सात चित्रं झाली होती आणि त्यातली दोन खरंच बरी होती. क्लासच्या बाईंना जे जमलं नाही ते डंपरने केलं.

औषध सापडलं म्हटल्यावर मी ते नियमाने घेऊ लागलो. जे जायला निघालंय ते काढायचं. माझा जन्म भुईगावचा, वाडीवाल्यांच्या, म्हणजे केळी-नारळाच्या बागा करणाऱ्यांच्या घरातला, त्यामुळे कुठली वाडी विकायला निघालीय हे मला एजंटच्या आधी कळतं. माणूस बोलत नाही, ताकास तूर लागू देत नाही, पण वाडी बोलते. विकायचं मनात आलं की तो केळीचे नवे मुनवे लावत नाही. फळ येईपर्यंत आपण इथे नसणार, मग कशाला पाठ मोडा? पाटातलं गवत तसंच राहतं. नारळाच्या वाळल्या झावळ्या कोणी उतरवत नाही. सोनचाफ्याची फुलं पहाटे तोडून बाजारात जायची, ती झाडावरच उमलून सडतात. एवढं दिसलं की मी स्कूटर लावायचो, स्टूल उघडायचो आणि विहीर, नाहीतर मागचं पडवीचं दार काढायला बसायचो. वर्षभरात मी जेवढं काढलं तेवढं आधीच्या आयुष्यात काढलं नव्हतं.

गावाच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. फळी बसली की वाडी गेली, असं बोलायला लागले. डॉक्टर घरात आला म्हणून माणूस मरत नाही, पण हे गावाला कोण समजावणार? एका म्हातारीने मला हात जोडून सांगितलं, बाबा, आमच्या दारात नको बसूस, पोरांची बुद्धी फिरेल. उलट एकाने आपण होऊन बोलावलं, चहा पाजला, सावलीत खुर्ची दिली. त्याला गिऱ्हाईक मिळत नव्हतं. मी बसलो. त्याचं काम झालं, माझंही झालं.

एकच वाडी अशी होती की तिथे मला मज्जाव होता. ती माझ्या थोरल्या भावाची. खरं तर आमच्या बापाची, पण माझा वाटा मी कधीच विकला होता. त्यातूनच बोळिंजचा फ्लॅट आला, आणि माझ्या वाट्यावर आता चार मजली इमारत उभी आहे. तिची सावली दुपारनंतर दादाच्या पपयांवर पडते. दादाने ते मला कधी विसरू दिलं नाही. दादाची जीभ म्हणजे कोयता. माझ्या चित्रांचं कळल्यावर मला म्हणाला, "आधी विकायचं आणि मग चित्र काढून गळे काढायचे. गिधाडाला निदान रंग लागत नाहीत. माझ्या वाडीत फळी नको."

मी म्हटलं, तुझ्या वाडीत काढण्यासारखं आहे काय? ते खोटं होतं. आमच्या विहिरीसारखी विहीर भुईगावात दुसरी नाही. पण ती वाडी हिरवीगार होती, दर वर्षी मुनवे लागत होते, म्हणजे तिचं चित्र माझ्याच्याने निघालंही नसतं. दादा मला नाही म्हणून उपकारच करत होता.

मग एका वर्षी आम्ही गणपतीला दादाकडे गेलो. आरतीला वेळ होता म्हणून मी मागे चक्कर मारली आणि जागच्या जागी थांबलो. पाट गवताने बुजलेले. झावळ्या लोंबत होत्या. चाफ्याखाली कुजक्या फुलांचा थर. केळीत नवी लावण कुठे म्हणून नाही. मला वाईट वाटलं असं मी सांगणार नाही. मला हुरूप आला. एवढी वर्षं मला गिधाड म्हणणारा माणूस गुपचूप व्यवहार करत होता आणि मला ते पाटातल्या गवतावरून कळलं होतं.

टेबलांवरच्या पंगतीत पाहुणे होते. मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "काय दादा, काय भाव फुटला गुंठ्याला?"

दादा वाढत होता. त्याने माझ्या पानात ऋषीची भाजी वाढली आणि म्हणाला, "जेव."

"लाजतोस कशाला? मी विकलं ते उघड विकलं. तू तर आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून."

वहिनी हातातला भात तसाच ठेवून आत गेली. पाहुण्यांनी माना खाली घातल्या. दादा भाजीचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे सरकला. ज्या माणसाने आयुष्यात कोणाचा एक शब्द उधार ठेवला नाही तो गप्प बसला, म्हणजे चोरी पकडली गेली, असाच मी अर्थ लावला. परतताना बायको स्कूटरवर मागून म्हणाली, दादा किती वाळलेत. मी म्हटलं, विकणाऱ्याला झोप लागत नाही.

घरी येऊन मी सगळ्यात चांगला कागद फळीवर ताणून ठेवला. आता तो मला बोलावणार, नाक घासत बोलावणार, आणि मी आमची विहीर काढणार. मी आपण होऊन जाणार नव्हतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते आमच्या घराण्यालाच लागू आहे. दिवाळी गेली, नाताळ गेला. मी दुसरीकडे कुठे बसलो नाही. ब्रश कोरडे होते पण मी खूश होतो, कारण मला माहीत होतं की पुढचं चित्र मोठं असणार आहे.

जानेवारीत वहिनीचा फोन आला. "भाऊजी, हे म्हणतायत, फळी घेऊन या."

मी गेलो. विहिरीपाशी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. मी माझं स्टूल उघडलं, फळी मांडीवर घेतली आणि विहिरीचा काठ आणि मागचा चाफा कागदात कसा बसेल ते बघू लागलो. दादा घरातून भिंतीला धरत आला आणि बरोबर माझ्या समोरच्या खुर्चीत बसला.

"बाजूला सरक," मी म्हटलं. "विहीर झाकतोयस."

"विहीर कुठे जात नाहीये," तो म्हणाला. "माझं काढ."

मग त्याने सांगितलं. पोटात गाठ होती. गणपतीच्या आधीच कळलं होतं, आणि त्याच्याही आधीपासून त्याला वाकता येत नव्हतं, म्हणून मुनवे नव्हते, म्हणून पाट बुजले होते, म्हणून चाफा सडत होता. उपचार चालू होते, पण डॉक्टरांनी घरच्यांना बाहेर बोलावून सांगायला सुरुवात केली होती. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "तू भाव विचारत होतास."

मी मूर्खासारखा म्हणालो, "आणि वाडी?"

"वाडीला काय झालंय? यंदा पोरगा माझ्यामागे दवाखान्यात फिरतोय, पुढच्या वर्षी लावेल केळी. मी मरतोय, वाडी नाही." मग खुर्चीत जरा नीट बसला. "तुझा हात जाणाऱ्यावरच चालतो ना? मग चालव. कधी नव्हे तो भावाच्या उपयोगी पड."

मी हात जोडून नाही म्हणायला हवं होतं. फळी फेकून त्याच्या पायाशी बसायला हवं होतं. चांगल्या माणसांच्या गोष्टीत असंच होतं. पण माझा हात चालायला लागला होता. त्या दिवशी पहिल्यांदा पेन्सिल कागदावर टेकवली आणि खोडरबर लागलाच नाही.

पुढे मी रोज गेलो. बोळिंजहून निघायचो, ऊन चढायच्या आत विहिरीपाशी बसायचो. क्लासच्या बाई म्हणायच्या ती शिस्त म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मला उठवायला गजर लागत नव्हता. गालाखालची सावली दर आठवड्याला थोडी जास्त लागायची, डोळ्याची खोबण खोल व्हायची, आणि मी मनात म्हणायचो, आज काय सुंदर दिसतोय. मी दुःखी होतो हे खरं आहे. पण त्या दिवसांइतका मी कधी सुखी नव्हतो हेही तितकंच खरं आहे, आणि आता ते लपवून काय करू?

वहिनी मागच्या दारातून बघायची. एकदा त्याला तपासणीला न्यायची गाडी दारात आली. मी म्हटलं, दुपारून नेलं तर नाही का चालणार, आत्ता उजेड छान आहे. वहिनीने त्याच्या खांद्यावर शाल घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊजी, यांना दुखतंय. तुमच्या उजेडाचं तुम्ही बघा."

उन्हाळा लागता लागता दादा गेला. शेवटच्या आठवड्यात त्याने मला खोलीत येऊ दिलं, पण फळी बाहेर ठेवायला लावली. मी हात मांडीवर ठेवून बसायचो आणि तो छताकडे बघायचा.

तेराव्याला मी त्यातलं सगळ्यात चांगलं चित्र फ्रेम करून घेऊन गेलो. पुतण्याच्या लग्नातला दादाचा फोटो मोठा करून पाटावर ठेवला होता. फ्लॅशमुळे त्यात त्याचा एक डोळा अर्धा मिटलेला, फेटा कलता, गालाला भाताचं शीत चिकटलेलं. असला फोटो मी कोणाला दाखवलाही नसता. मी वहिनीला म्हटलं, तो काढा, हे लावा.

तिने चित्र दोन्ही हातांत धरून नीट पाहिलं. तिला घाई नव्हती. मग माझ्या हातात परत दिलं.

"नको. फोटोत हे आहेत. तुमच्या चित्रांत हे पहिल्या दिवसापासून गेलेलेच आहेत."

मला राग आला. बाईला कलेतलं काय कळतं, असं म्हणत मी चित्र काखेत मारून जेवण न करता परतलो. घरी आल्यावर सगळी चित्रं काढली आणि हॉलच्या भिंतीला ओळीने टेकवून ठेवली. तारखा घातल्या नव्हत्या, पण गालावरून क्रम लागत होता. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती.

पहिलं चित्र मी उचललं. त्या दिवशी दादा अजून भाकरी खात होता. चित्रात तोंड मिटलेलं, डोळे खाली, कोणीही सांगेल की हा माणूस चालला. आणि त्याच दिवशी मी रंग देत असताना दादा मान पुढे काढून कागदात डोकावला होता आणि म्हणाला होता, "हे नाक कोणाचं? तुझंच चिकटवलंस की काय?" आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला होता की खुर्ची मागे कलंडते का म्हणून वहिनी दारातून धावत आली होती. जाईपर्यंत तो पुन्हा तसा हसला नाही. मी त्याला म्हटलं होतं, हसणं बंद कर, चित्रातला चेहरा बिघडतोय.