मामी काही विचारत नाहीत

बोटीवर पाऊल ठेवलं की माणसाचं निम्मं डोकं धक्क्यावरच राहतं, असं मामांचं ठाम मत होतं. त्यात माणसाचा काही दोष नसतो, असंही त्यांचं मत होतं. पण हे दुसरं मत घरी सांगायचं त्यांच्याकडून कायम राहून जायचं.

मामा प्रवासी बोटीवर चौकशीच्या काउंटरला होते. सगळी बोट त्यांना मामाच म्हणायची. मोठा जिना आणि लिफ्ट यांच्या मधल्या जागेत अर्धगोल काउंटर, त्यावर एक पितळी घंटी. मामा समोर उभे असले तरी लोक आधी घंटी वाजवत आणि मग मामांकडे बघत, जणू मामा घंटीतून बाहेर आलेत. मग प्रश्न. लाटा किती वाजता बंद होतात? खिडकीतून आजही कालचाच समुद्र दिसतोय, खोली बदलून मिळेल का? तलावातलं पाणी सारखं हलतंय, तुमचा माणूस पाठवून जरा बघून घ्याल का?

काउंटरचा नियम एकच. हसायचं नाही. चेहरा असा ठेवायचा, की हाच प्रश्न सकाळपासून आपल्यालाही छळतोय. मामांना हे इतकं जमायचं, की नवीन लोकांना त्यांचा चेहरा बघायला मुद्दाम शेजारी उभं करत.

आता एवढं दाबलेलं हसू माणसाने न्यायचं कुठे? मामा ते घरी नेत. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खालून इस्त्रीची वाफ, आणि मामा सुट्टीवर आले की संध्याकाळी धाकटा मेहुणा बायकोला घेऊन हजर. "बोला भाऊजी, या खेपेला काय माल आणलाय?" मग मामा एकेक प्रश्न काढत, आवाजासकट, घंटीसकट. मेहुणा मांडीवर थापा मारी. मामी शिवणयंत्रावरून उठून येत आणि हसून हसून डोळे पुसत. लाटा बंद करणाऱ्या बाई त्या घरात इतक्या मुरल्या होत्या, की पंखा बंद करायचा असला तरी मेहुणा विचारी, "ताई, लाटा बंद करू का?"

फक्त मामी बोटीवर कधी आल्या नव्हत्या. नोकरांना एखाद्या फेरीला घरचं माणूस आणता यायचं, पण दरवेळी काहीतरी निघे. कधी गुडघा, कधी लग्नसराईची शिलाई. मामांचं अर्धंअधिक आयुष्य मामींनी नुसतं ऐकलेलं होतं. म्हणून या वर्षी "येते" म्हणाल्या तेव्हा मामांना काय करू नि काय नको असं झालं. धक्क्यापासून भटारखान्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं. मामींची खोली त्यांनी स्वतः तीनदा जाऊन बघितली आणि तिन्ही वेळा उशी तिथेच होती.

अडचण एवढीच, की नोकरमाणसाला प्रवाशांच्या दालनात जेवायला बसता येत नसे. चढल्यावर मामांनी घाईघाईत चार गोष्टी सांगितल्या, "आणि बाकी काही लागलं तर कुणालाही विचार" म्हणाले आणि कामाला पळाले. रात्री भेट झाली तेव्हा "कसं काय?" म्हटल्यावर मामी "छान आहे हो" म्हणाल्या. मामा खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोल्या आवरणारी बाई काउंटरपाशी आली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मामा, मामी जेवायला जात नाहीत का हो?"

"म्हणजे?"

"खोलीत बिस्किटांचे पुडे दिसतात नुसते. आणि काल ती कवायत झाली ना, लाईफ जॅकेटची? सगळ्यांनी लगेच काढली. मामी तशाच खोलीत जाऊन बसल्या होत्या, संध्याकाळपर्यंत. मी म्हटलं काढा आता, तर म्हणाल्या, राहू दे, ऊब येते."

"ऊब कशाला?"

"खोली थंडगार आहे. एसीचं बटण पडद्यामागे असतं, त्यांना सापडलं नसणार. मी कमी केलं. पण तुम्ही एकदा बघाच."

मामा चहाच्या सुट्टीत थेट खोलीवर गेले. मामी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. अंगात मामांचा जुना स्वेटर, मांडीवर बिस्किटं. पिशवी भरलेली.

"अगं, जेवायला का नाही गेलीस?"

"गेले होते. दारात सगळ्यांच्या हातात कसलीतरी कार्डं होती. मला वाटलं ते लागतं. परत आले."

"ते खोलीच्या दाराचं कार्ड गं. तुझ्याकडेही आहे. तिथे उभ्या माणसाला विचारायचंस ना."

"विचारलं असतं," मामी म्हणाल्या, "आणि तो भटारखान्यात जाऊन सांगणार, मग तो घरी जाऊन त्याच्या मेहुण्याला सांगणार."

मामा हसले. मामी हसल्या नाहीत, म्हणून मामा थांबले.

"तुम्हाला म्हणून सांगते," मामी म्हणाल्या. रागावलेल्या मुळीच नव्हत्या. झंपराचं माप सांगावं तशा बोलत होत्या. "इतकी वर्षं आपण कुणाकुणाला हसलो. मीच जास्त हसले. आता तोंड उघडायला गेले की मलाच ऐकू येतं, धाकटा ते कसं म्हणेल ते. उद्या बंदर लागतंय ना? तिथे उतरते. बस मिळेल. तुमचं काम चालू दे, त्यात राग नाही."

"मीसुद्धा पहिल्या दिवशी असलंच काहीतरी विचारलं होतं," मामा म्हणाले.

"काय?"

मामांनी छताकडे बघितलं.

"हे आत्ता रचत होतात," मामी म्हणाल्या. "राहू द्या."

मामा दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "उतरायचं तर उतर. पण आज संध्याकाळी काउंटरपाशी येऊन बस. मी काय करतो ते न बघताच जाऊ नकोस."

मामी आल्या. काउंटरच्या बाजूच्या सोफ्यावर बसल्या. काउंटरच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंनी, वयाने मामांपेक्षा बऱ्याच लहान असल्या तरी, कुणाला काही न सांगता त्यांच्यासमोर सूप आणि पाव आणून ठेवला.

घंटी वाजली. एक आजोबा. "मागच्या खेपेला इथे डाव्या हाताला एक बेट होतं. ते कुठे हलवलं?"

मामांचा चेहरा गंभीर झाला. "आजोबा, मागच्या खेपेला कुणाबरोबर आला होता?"

"बायकोबरोबर. तिनेच दाखवलं होतं."

"मग तेव्हा आपण उलट दिशेने जात असणार. आता ते उजवीकडे लागेल, उद्या न्याहारीच्या सुमाराला. मी तुम्हाला खिडकीजवळचं टेबल सांगून ठेवतो."

आजोबा गेले. मामींचा चमचा सुपातच राहिला होता. बेट हरवलेले लोक त्यांनी घरी पुष्कळ ऐकले होते. त्यांना बायको होती हे मात्र ऐकलं नव्हतं.

मग एक बाई आल्या. घंटी न वाजवताच उभ्या राहिल्या. "अहो, या लाटा किती वाजता बंद होतात?"

मामींनी झटकन मान खाली घातली. पण मामा म्हणत होते, "झोप झाली नाही वाटतं रात्री."

"डोळाच लागला नाही. पलंग हलला की वाटतं, गेलो."

"तुमची खोली अगदी पुढच्या टोकाला आहे, तिथे जास्त हलतं. मधल्या भागात एक रिकामी आहे. सामान हलवायला माणूस देतो. लाटांचं माझ्या हातात नाही, खोलीचं आहे."

त्या बाई "बरं झालं विचारलं" म्हणत गेल्या. मामी बघत राहिल्या. हे उत्तर मामा रोज कुणालातरी देत असणार, आणि घरी येताना प्रश्न तेवढा खिशात घालून आणत असणार.

काउंटरपुढे रांग वाढली. मामांचं लक्ष नव्हतं. नकाशा हवा असलेल्या कुणाला ते नकाशा देत होते. मान वर केली तर समोर मामी. रांगेत उभ्या राहून आल्या होत्या. स्वेटरची बाही ओढत त्यांनी घंटी वाजवली, अगदी हलकी.

"अहो," मामी म्हणाल्या, मग इकडेतिकडे बघून, "म्हणजे, साहेब. उद्या बंदरावर उतरलेलं माणूस परत बोटीवर चढलं, तर चालतं का?"

मामांनी चेहरा नेहमीसारखा ठेवला. "चालतं. बंदर बघून यायचं. बोट वाट बघते."

"मामा," मोठ्या बाई मागून म्हणाल्या, "बोट कुणाची वाट बघत नाही. पाच वाजता सुटते."

"मग मी बघतो," मामा म्हणाले.

मामींच्या मागे एक गृहस्थ छत्री घेऊन उभे होते. ते सगळं लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी पुढे वाकून विचारलं, "आणि माझी?"

मामी तोंडावर स्वेटरची बाही धरून हसू लागल्या. मामा हसले नाहीत. "तुमचीही बघतो," ते म्हणाले. "पण तुम्ही साडेचारपर्यंत या."