नाव न घेणाऱ्या बारा जणी

बँका गावातल्या शाखांसाठी त्याच भागातले अधिकारी का भरतात, हा प्रश्न मला मुलाखतीत विचारला होता. लातूरच्या क्लासमध्ये याचं उत्तर आम्हाला पाठच करून दिलेलं होतं. भाषा येते, ग्राहकाचा विश्वास बसतो, आणि दोन वर्षांत बदलीचा अर्ज येत नाही. मी ते धडाधड म्हणून दाखवलं आणि पास झाले. तरी या नोकरीला आमच्याकडे फारसा मान नव्हता. आमच्या किराणा दुकानात येणारं गिऱ्हाईक वडिलांना विचारायचं, पोरगी बँकेत लागली म्हणे, पण इथंच ना? इथंच असणं हा जणू एखादा आजार. मला याचा भयंकर राग यायचा. राग तसा मला कशाचाही येतो, पण हा जरा जास्त.

नेमणूक मिळाली अर्धापूरला. गाव केळीचं, त्यामुळे शाखेत येणाऱ्या निम्म्या लोकांच्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग असत. मला दिलेल्या गावांत एक छोटी वस्ती होती, सगळी एकाच भावकीची. तिथल्या बारा बायकांनी बचत गट काढलेला. व्यापाऱ्याने माल भरून नेल्यावर जी लहानमोठी, नाकारलेली केळी मागे राहतात, त्यांचे वेफर्स करून त्या अर्धापुरात विकायच्या. हाताने किसून, चुलीवर तळून. त्यांना काप करायची आणि तळायची मशीन घ्यायची होती. नांदेडच्या एका दुकानदाराने शब्द दिला होता की श्रावणात उपासाचा माल तुमच्याकडून घेईन, पण वेळेवर आणि भरपूर पाहिजे. मशीन श्रावणाआधी आली तरच त्या शब्दाला अर्थ होता. फाईल मीच तयार केली, शिफारस माझीच, आणि सही ठोकताना मान जरा ताठही झाली होती.

आमच्याकडे अशी फाईल वर गेली की एका लांबच्या शहरातून अर्जदारांना खातरजमेचे फोन जातात. मी बायकांना आधीच बजावलं होतं की फोन येईल, घाबरू नका, जे विचारतील ते सरळ सांगा. फोन आले. बाराच्या बारा जणी नापास झाल्या. शेरा असा आला की अर्जदार स्वतःच्या नवऱ्याचं नाव सांगू शकत नाहीत, काहींनी फोन लहान मुलाच्या हातात दिला, दोघींनी बंद केला, गट बनावट असण्याची शक्यता आहे. हा शेरा कायम झाला असता तर मशीन गेलीच असती, शिवाय गटाला पुन्हा कुठल्याच बँकेने दारात उभं केलं नसतं.

मी स्कूटी काढली आणि तणतणत वस्तीवर गेले. इतकं समजावून सांगितलं आणि साधं नाव सांगता आलं नाही, म्हणून मी त्यांना चांगलंच झापलं. त्या एकमेकींकडे बघत पदराआड हसायला लागल्या. माझा पारा आणखी चढला. शेवटी गटाची अध्यक्ष, साठीची मावशी, मला लहान लेकराला सांगावं तसं म्हणाली, "त्यो पोरगा फोनवर मालकाचं नाव विचारून राहिला होता. आता ते कसं घ्यावं बाई तोंडानं?"

माझ्या आईने आजवर वडिलांचं नाव घेतलेलं मी ऐकलेलं नाही. दवाखान्यात, रेशनला, कुरिअरवाला आला तरी ती मला पुढे ढकलायची, आणि घरात वडिलांचं नाव सांगायचं काम लहानपणापासून माझंच होतं. असं असून मी या बायकांना "जे विचारतील ते सांगा" म्हणून सांगून आले होते. क्लासच्या पुस्तकाने डोक्यात एवढी जागा खाल्ली होती की घरचंच विसरले. लाज वाटली, आणि खरं सांगते, पुढची सगळी धडपड मी निम्मी त्या लाजेपोटी केली.

नांदेडच्या कार्यालयाला मी लिहिलं की फोन सोडा, माणूस पाठवा. आठवड्याने एक तपासणी अधिकारी आले. समुद्रकाठच्या मोठ्या शहरात वाढलेले, शांत, नियमाने चालणारे गृहस्थ. मी त्यांना वाटेत गाडीत सगळं सांगितलं, आणि नवऱ्यांची नावं आधार कार्डावर आहेतच, तीच बघा, असंही म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की आधार कार्ड कुणाच्याही हातात असू शकतं, उत्तर अर्जदारांकडूनच यायला हवं, आणि तुमची शिफारस असल्यामुळे तुम्ही मध्ये बोलायचं नाही. त्यांचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग येत होता.

मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात बारा जणी बसल्या. डोक्यावर पदर, मांडीवर कागदपत्रांच्या पिशव्या. साहेबांनी पहिलीला विचारलं. ती जमिनीकडे बघत राहिली. दुसरी, तिसरी, तेच. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग मी त्यांच्या परवानगीने एकच गोष्ट मागितली: स्वतःच्या नवऱ्याचं नको, शेजारणीच्या नवऱ्याचं नाव त्यांना विचारा. उत्तर गटाच्या बाईकडूनच येईल, आणि बनावट गटातल्या बायकांना एकमेकींची घरं ठाऊक नसतात. त्यांनी थोडा विचार केला आणि टोपण काढलं.

आता भावकीतला पेच असा की नुसतं नवऱ्याचंच नाव घ्यायचं नसतं. सासऱ्याचं नाही, चुलत सासऱ्याचं नाही, थोरल्या दिराचं नाही. धाकट्या दिराचं चालतं. त्यामुळे कोण कुणाचं नाव घेऊ शकते यावरून मंडपात जी उठबस सुरू झाली ती बघण्यासारखी होती. तू तिकडं सरक, मी हिच्याजवळ येते, न्हाई न्हाई, ते माझे थोरले लागतात. साहेब आधी गोंधळले, मग त्यांनी वहीत चक्क वंशावळ काढायला घेतली. थोरल्या जावांनी धाकट्यांच्या नवऱ्यांची नावं सांगितली, एका सासूने सुनांच्या नवऱ्यांची, म्हणजे आपल्याच मुलांची, नावं घराचा दरवाजा ठोठावल्यासारखी खणखणीत सांगितली. ज्या थोरल्या उरल्या त्यांच्यासाठी गटातल्याच दोघी, भावकीच्या लेकी, कामी आल्या. त्यांचे नवरे घरजावई होऊन वस्तीतच राहिलेले, त्यामुळे चुलते आणि भाऊ यांची नावं घ्यायला त्या मोकळ्या. एकेक बरोबरची खूण होत गेली. अकरा झाल्या.

उरली अध्यक्ष मावशी. तिचा नवरा वस्तीतला सगळ्यात वडीलधारा. कुणाचा सासरा, कुणाचा चुलत सासरा, कुणाचा थोरला दीर. त्या दोन लेकींचा काका होता, पण त्या दोघींनीही कानाला हात लावला. बाकीच्या चुलत्यांचं ठीक, पण वस्तीतल्या सगळ्यात थोरल्याचं नाव मावशीदेखत तोंडावर आणायची त्यांची छाती नव्हती. अकरा बरोबर असून काही उपयोग नव्हता, अध्यक्षाशिवाय गट उभा राहत नाही. साहेबांनी हळू आवाजात तिला विनंती केली की एकदाच, आमच्यापुरतं म्हणा. मला वाटलं, आता ती म्हणेल, बाकीच्यांसाठी मोडेल आपली रीत, आणि त्या विचाराने मला मुळीच बरं वाटेना. मशीनसाठी तिने हे मोडावं असं मी कोण सांगणार?

मावशी मात्र विचारात पडलेली दिसतच नव्हती. तिने साहेबांपुढे हात केला आणि पेन मागितलं.

"तोंडानं घ्यायचं न्हाई म्हणून सांगितलंय आमाला," ती म्हणाली. "हातानं घ्यायचं न्हाई असं कोणी म्हणलं न्हाई."

अध्यक्ष झाल्यावर सहीपुरतं म्हणून ती नातीकडून अक्षरं शिकली होती, आणि सहीवर थांबली नव्हती. ती वाकली आणि एकेक अक्षर दाबून लिहीत गेली. बायका माना उंच करून बघत होत्या. साहेबांनी कागद आधार कार्डाशेजारी धरला, दोनदा वाचला. उत्तर अर्जदाराने स्वतः द्यावं एवढंच नियमात आहे, ते तोंडी द्यावं असं कुठे लिहिलेलं नाही, असं ते मला म्हणाले आणि बारावी खूण केली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. परतताना गाडीत साहेबांनी कबूल केलं की त्यांची आजीही आजोबांचं नाव घेत नसे. इतक्या वर्षांत त्यांना ते आठवलंच नव्हतं.

फाईल मंजूर झाली. मशीन श्रावणाच्या आधी आली आणि नांदेडच्या दुकानदाराला शब्द पाळावा लागला. इथंच ना, असं आता कुणी विचारलं तर मी मोठ्याने हो म्हणते.

त्या कागदावरचं नाव मी कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. निघताना मावशीने साहेबांना विचारलं होतं, हा कागद कुठं ऱ्हाईल? बँकेत, फाईलमध्ये, असं ते म्हणाले. तिने पदर सारखा केला.

"जल्मात ते बँकेची पायरी चढले न्हाईत," ती म्हणाली. "म्या चढवलं त्यास्नी. माझ्या हातानं."