गैबी मिस्त्रींचा कान

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गैबी मिस्त्रींचा कान म्हणजे शेवटचा शब्द. गाडी जागची हलताना ठक् वाजलं तर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे इंजिनाचा जोर मागं नेणाऱ्या दांड्याचा सांधा, गेला. वळणावर करकरलं तर डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना जोर वाटून देणारा गोळा, खोलायचा. मिस्त्री जीपमध्ये मागं आडवे व्हायचे, तळाच्या पत्र्याला कान लावायचे आणि मालकानं कळंब्याच्या रस्त्याला गाडी पळवायची. परत येईपर्यंत रोग सापडलेला असायचा. त्याचा त्यांना ताठाही होता, आणि का नसावा?

२००३ च्या उन्हाळ्यात गणपतरावांनी आपली वडापची, म्हणजे सीटा भरून भाड्यानं धावणारी, जीप आणली. पौर्णिमेला नृसिंहवाडीला दर्शनाला जाणारी माणसं भरायची होती आणि मागून घूं घूं वाजत होतं. मिस्त्रींनी डिफरन्शियल उतरवला, बेअरिंग बदलली, पातळ चकत्या घालून चक्रांच्या दातांमधली फट जुळवली आणि नेहमीसारखे पत्र्यावर आडवे झाले.

"झाली की मुकी!" ते उठत म्हणाले.

गणपतरावांनी गाडी बाजूला घेतली. "चेष्टा करताय व्हय मिस्त्री? पार बोंबलतीया की!"

मिस्त्रींना वाटलं, चेष्टा हाच करतोय. "पुन्यांदा चालवा," ते म्हणाले. या खेपेला त्यांनी पत्र्यावर तळहातही टेकला. हाताखाली पत्रा थरथरत होता. कानात काहीच नव्हतं.

जन्म घणांच्या दणदणाटात गेलेला, त्यात आपलं कोल्हापूर! इथं शेजारी बसलेल्या माणसालाही पलीकडच्या गल्लीत असल्यासारखी हाक मारतात. सगळेच ओरडून बोलतात, तिथं एकाचा कान गेला हे कळणार कसं? खुद्द मिस्त्रींनाच कळलं नव्हतं.

"दुसऱ्याकडं न्या गाडी," ते म्हणाले.

"आवाज मी ऐकतो की. तुमी नुसता हात चालवा."

"आनि तुमी नसशीला तवा? माणसं बसत्यात गाडीत. नीट झाली म्हणून कुणाच्या भरवशावर सांगू मी?"

गणपतरावांनी जीप वळवली.

संध्याकाळी त्यांची बायको बिबीजान चहा घेऊन आली. ती समोर बसल्यावर मिस्त्रींनी तिला सगळं सांगितलं. सांगताना त्यांना रडू आलं. ती मात्र दचकली नाही.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तुमी पाठमोरं असला की हाक मारायची मी कवाच सोडलीया."