मास्तरांचा हात

माझा हात मला कधीच ओळखता आला नाही. तारखात्यात बसलेल्या माणसाला हे लगेच कळेल, बाकीच्यांसाठी जरा फोड करून सांगतो. तार पाठवायची म्हणजे पितळी कळ दाबायची आणि सोडायची. थोडा वेळ दाबली तर कट्ट, जास्त वेळ दाबली तर कड. या दोहोंच्या जुळणीतून सगळी अक्षरं व्हायची, आणि अक्षरांतून लग्नं, बदल्या, मरणं, सगळं. आता यात माणसाचं स्वतःचं असं काय उतरणार? पण उतरायचं. एखादा ‘कड’वर रेंगाळायचा, एखादा घाईघाईत अक्षरं एकमेकांवर ढकलायचा. महिनाभर एका लाइनवर काम केलं की साउंडरच्या, म्हणजे आलेली तार ठोक्यांत वाजवणाऱ्या यंत्राच्या, चार ठोक्यांवरून पलीकडे कोण बसलंय ते समजायचं. त्याला आम्ही त्या माणसाचा हात म्हणायचो. दुसऱ्याचा हात पटकन ओळखू यायचा. स्वतःचा मात्र सगळ्यांसारखाच वाटायचा.

मला हे काम शिकवलं ते आमच्या तालुक्याच्या तारमास्तरांनी. छप्पन साली आमच्या घरानं धम्म स्वीकारला, त्यानंतर दोनेक वर्षांनी मी मॅट्रिक होऊन पोस्टात चिकटलो. ऑफिसात माझा पाण्याचा गिलास वेगळा ठेवलेला असायचा. कोणी तसं बोलून दाखवत नसे, पण गिलास वेगळाच. मास्तरांनी पहिल्याच दिवशी मला कळेपाशी बसवलं, माझ्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवली आणि तासभर तशीच ठेवून माझ्याकडून अक्षरं गिरवून घेतली. त्यांचं मधलं बोट लहानपणी चरकात सापडून आखडलं होतं. त्यामुळे त्यांचा ‘कड’ उठताना किंचित अडखळायचा, लंगडणारा माणूस पायरी चढतो तसा. पूर्ण लाइनवर तसा हात दुसरा नव्हता. निदान माझी तशी समजूत होती.

वर्षभरानं मला स्वतंत्र ऑफिस मिळालं. मुकुटबनच्याही पलीकडे, झरी जामणीच्या रानाला लागून असलेलं एक गाव. नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात गावाचा काही दोष नाही. एक खोली, एक टेबल, नवसागराच्या पाण्यात बुडवलेल्या बॅटऱ्या आणि सागाच्या जंगलातून आलेली एकच तार. साउंडरचा आवाज मोठा यावा म्हणून त्याच्यामागे तंबाखूचा रिकामा डबा उभा करून ठेवलेला. मी पोस्टमास्तर, मीच क्लार्क, मीच तारबाबू. तारा वाटायला पन्नाशीचा एक कोलाम आदिवासी शिपाई होता. पलीकडच्या टोकाला मास्तर. दिवसाकाठी दोन-चार तारा असायच्या, बाकी वेळ आम्ही कळेवर गप्पा हाणायचो. माझं लग्न ठरलं ते मी घरच्यांच्या आधी त्यांना कळवलं होतं.

बायकोला दिवस गेले तेव्हाही तसंच. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती नेरला गेली. मास्तरांनी त्या दिवशी कळेवर सांगितलं, ‘पोराची तार मी दुसऱ्या कोणाला देऊ देणार नाही. माझ्याच हातानं देईन.’ मी म्हटलं, ‘द्या, मीही दुसऱ्याच्या हातची घेणार नाही.’ पोरकटपणाच होता तो. तेव्हा चोवीस वर्षांचा होतो.

त्यानंतर दीड महिन्यानं मास्तर गेले. जेवून उठले आणि दारातच बसले ते बसलेच. ती तार मीच घेतली. तार घेताना अक्षरं एकेक येतात, आपण पेन्सिलीनं लिहीत जातो, अर्थ मागाहून कळतो. मी त्यांचं अख्खं नाव लिहून मोकळा झालो, आणि मग वाचलं. त्यांच्या जागी तात्पुरता एक माणूस आला. त्याचा हात म्हणजे फळीवर खिळे ठोकल्यासारखा. आमच्या गप्पा बंद पडल्या.

मे महिना लागला. बायकोचे दिवस भरत आले होते. मी रोज सकाळी कळेपाशी बसल्याबरोबर विचारायचो, नेरहून काही? पलीकडून खिळे वाजायचे, नाही.

अशाच एका दुपारी दोनच्या सुमारास ते घडलं. बाहेर चिटपाखरू नव्हतं. शिपाई दारात, उंबऱ्याच्या आत पाय ओढून बसला होता. साउंडर वाजू लागला. आमच्या ऑफिसची खूण असलेली दोन अक्षरं, पुन्हा पुन्हा. मी कळेकडे हात नेला आणि तो तिथंच थांबला. ‘कड’ उठताना अडखळत होता. पुन्हा अडखळला. प्रत्येक वेळी तिथंच, तितकाच.

मी डब्यावर हात ठेवला, जणू आवाज बदलेल. तो थोडा दबला, पण हात तोच होता. मी ज्या बोटांखाली शिकलो तीच बोटं मला बोलावत होती, आणि ती बोटं जळून दोन महिने होत आले होते.

शिपायानं माझा चेहरा पाहिला. “काय झालं, साहेब?”

“मास्तर,” मी म्हटलं.

त्यानं ‘असं कसं होईल’ वगैरे काही म्हटलं नाही. उठून आत आला, यंत्रापासून चार हात लांब उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “ओ नोका देऊ.”

हे त्याचंच नव्हे, आमच्या सगळ्यांचं होतं. माझी आईसुद्धा बाहेरून हाक आली की लगेच ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायची. मेलेलं माणूस तीनदा हाक मारत नाही म्हणे. आता गंमत बघा. तारेवरच्या हाकेला एक-दोन-तीन नसतं. ओ मिळेपर्यंत तीच दोन अक्षरं चालू राहतात. ती एकच हाक धरायची की शंभर? मी, धम्माच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेला, गावातल्या भगताची टर उडवणारा माणूस, भर दुपारी हा हिशोब करत बसलो होतो. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

“कायले बोलावत असतील ते?” मी शिपायालाच विचारलं.

“तुमचं लेकरू व्हायचं हाय ना?”

“हो.”

“मंग त्याचीच बातमी असन. त्याईनं कबूल केलं होतं म्हन्ता ना.” तो थांबला. “मेल्या माणसाच्या हातून बातमी घेतली तं लेकरू त्याईच्याकडचं होते, साहेब. आपल्याकडचं राहत नाही.”

साउंडर वाजतच होता. मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबायचा, मला वाटायचं गेलं, आणि पुन्हा सुरू. बाहेर तारेचे खांब उन्हानं गुणगुणत होते, आणि आत तो अडखळणारा हात मला सोडत नव्हता. माझ्या मनात एकच होतं, की पोर वाचलं पाहिजे. मी ओ दिली नाही तर बातमी येणार नाही. बातमी आली नाही तर पोर त्यांचं होणार नाही. चार वाजता वणीकडे जाणारी बस आली, फुफाटा उडवून गेली. ती मी खिडकीतून पाहिली. साडेचारला मला सहन होईना. मी उठलो, पितळी स्क्रू सैल केला आणि लाइनची तार काढून बाजूला ठेवली. आवाज बंद. वहीत लिहिलं, लाइन नादुरुस्त. मग शिपायानं आणि मी चहा केला. इतका गोड चहा मी आयुष्यात प्यायलो नाही, आणि मला बरंही वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

सकाळी कामाला सुरुवात करायची तर तार जोडणं भाग होतं. जोडली. पाच मिनिटांत तोच हात. उजेडात, रात्रभर झोप होऊन, बाहेर बैलगाड्या चाललेल्या असताना माणसाला थोडं शहाणपण येतं. मी ओ दिली.

तार अर्जंट होती. मेव्हण्यानं आदल्या दिवशी दुपारी नेरहून दिलेली. बायकोची बाळंतपणात अडचण झाली आहे, यवतमाळला दवाखान्यात नेत आहोत, ताबडतोब निघा.

मी पेन्सिल ठेवली आणि विचारलं, कोण आहे तिकडे? उत्तर आलं. नवा तारबाबू, कालच हजर झालेला, चंद्रपूरकडून बदलून आलेला. मी विचारलं, काम कोणाकडे शिकलास? त्यानं मास्तरांचं नाव पाठवलं. माझ्या आधी पाच वर्षं तो त्याच टेबलाशी, त्याच बोटांखाली शिकला होता. मग त्यानं आपण होऊन पुढचं पाठवलं. तो म्हणाला, ‘आता तुझी ओ आली तेव्हा माझा हात कळेवरून उडाला. मास्तरच उत्तर देतायत असं वाटलं. घाबरलो. पण म्हटलं, तार अर्जंट आहे.’

मी यवतमाळला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मुलगा आदल्या रात्री झाला. पहाटेपर्यंत होता. सकाळी मेव्हण्यानं त्याला पुरलं. चारच्या बसनं निघालो असतो तर तो जिवंत असताना पोचलो असतो. वाचवू शकलो नसतो, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. पण पोचलो असतो. बायको दोन दिवस शुद्धीवर नव्हती. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, “तार पोचली नाही का तुमाले?”

मी म्हटलं, “लाइन खराब होती.”

वहीतही तसंच होतं. तिनं ते मानलं. पुढे आम्हाला दोन मुली झाल्या, मी ठिकठिकाणी बदलून गेलो, कळ जाऊन टेलिप्रिंटर आला, मग तारच गेली. ते ‘लाइन खराब होती’ मात्र माझ्या घशात राहिलं ते राहिलंच.

काही वर्षांपूर्वी आमची नात पुण्याला बाळंत झाली. नातजावयानं दवाखान्यातूनच मोबाइलवर लेकरू दाखवलं. तासाभराचं, डोळे मिटलेलं, मूठ हलवणारं. मी जुना तारवाला; चित्र कसं येतं विचारल्याशिवाय राहवेना. तो म्हणाला, “आजोबा, चित्राचे बारीक बारीक तुकडे करून फक्त एक आणि शून्यात पाठवतात.” म्हणजे कड आणि कट्टच. त्याला ते सांगितलं तर तो हसला. बायको मात्र फोन सोडायला तयार नव्हती. फोन डोळ्यांजवळ नेऊन ती म्हणत होती, “नाक तं आपल्या थोरलीचं हाय. पाहा ना, पाहा.”

फोन बंद झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. मास्तरांचा हात, अडीच तास वाजणारी हाक, स्क्रू, वही, चहासुद्धा. ती रडेल, चिडेल, निदान भुताचं ऐकून मला हसेल असं वाटलं होतं. तिनं मांडीवरचा पदर सारखा केला.

“मी तं शुद्धीत नव्हती,” ती म्हणाली. “आईले इचारलं तं म्हने, इसरून जाय. भावाले इचारलं तं तो उठूनच गेला. आता दोघंबी नाहीत.” मग माझ्याकडे पाहून, आवाज न चढवता म्हणाली, “तुमी आले असते तं तुमी पाह्यलं असतं. तो कोणासारखा होता, मी रोज इचारलं असतं अन् तुमी रोज सांगतलं असतं.”